पिकअपची शिटी आणि मिस्त्रीचे कान

गाडी बिघडली की माणूस मिस्त्रीकडे येतो आणि सगळ्यात आधी तोंडानं आवाज काढून दाखवतो. "मिस्त्री, अशी खडखड करते." "आधी घुर्रर्र करते अन् मंग टक्!" अकोट रोडवरच्या माझ्या गॅरेजात असे आवाज काढणारे एकाहून एक नग येऊन गेले. अकोटचे एक जिनिंगवाले शेठ गिअर अडकल्याचा आवाज इतका हुबेहूब काढायचे की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं ओढायची. बाळापूरचे एक गुरुजी तर आवाज वहीच्या कागदावर लिहून आणायचे. 'टिक-टिक-टुक, दर तिसऱ्या मिनिटाला', खाली तारीख आणि सही. मी गालातल्या गालात हसायचो, पण कागद मात्र नीट वाचायचो. गुरुजींचा 'टुक' कधी चुकला नाही.

आवाज ऐकणं हाच आमचा खरा धंदा. पाना फिरवायला काय, कोणीही शिकतो. मी काम शिकलो अमरावतीला, बडनेरा रोडवरच्या एका उस्तादांकडे. उस्ताद अंगानं काडीसारखे, तोंडात कायम पान आणि शिकवणं एका वाक्याचं. "पहले सुन, फिर खोल. खोलना तो गधे को भी आता है." त्यांच्याकडे दोन हत्यारं खास होती. एक लांब पेचकस आणि दुसरी हातभर रबरी नळी. पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची, की लोखंडाच्या पोटातलं सगळं ऐकू येतं. नळीचं एक टोक कानात घालून दुसरं फिरवत नेलं की आवाज कुठून येतो ते कळतं. डॉक्टर छातीला नळी लावतो, तसंच.

एकदा परतवाड्याची एक जीप आली. चिखलदऱ्याचा घाट उतरताना खालून भयंकर खणखणते, असं मालकाचं म्हणणं. दोन ठिकाणी खोलून झाली होती. उस्तादांनी जीप चालू केली, डोळे मिटले, बंद केली, मागच्या सीटखाली हात घातला आणि एक स्टीलचा तांब्या काढून मालकाच्या हातात दिला. मजुरी म्हणून एक कप चहा घेतला. त्या दिवशी मी ठरवलं, आपल्याला असा मिस्त्री व्हायचं.

आणि झालोही, खोटं कशाला बोलू? अकोल्यात स्वतःचं गॅरेज टाकलं आणि दहा-बारा वर्षांत लोक मला 'कानाचा मिस्त्री' म्हणू लागले. मूर्तिजापूरहून, दर्यापूरहून लोक गाडी नुसती 'ऐकवायला' आणायचे. मी पानटपरीवर उभा असताना रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकचं कोणतं बेअरिंग जाणार, ते सांगायचो. लोक खूश व्हायचे आणि मी त्यांच्याहून जास्त. माणसाला ज्याचा गर्व असतो, त्याची तो तपासणी करत नाही.

दिनकरभाऊ माझे जुने गिऱ्हाईक. अकोट रोडवरच्याच एका गावात त्यांचा माळीमळा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर आणि दसरा-दिवाळीला झेंडू. रोज पहाटे माल घेऊन अकोल्याच्या बाजारात यायचे. पिकअप त्यांनी नवीकोरी घेतली, पहिला हार माझ्या गॅरेजात घातला आणि तीन वर्षांत एका सकाळी बांधावर बसल्या बसल्या गेले. गाडी उभी राहिली. सगळे म्हणाले, विकून टाका. त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी विकली नाही. शाळेच्या मैदानावर दोन महिने गाडी फिरवून त्या चालवायला शिकल्या, लायसन्स काढलं आणि तीच पिकअप घेऊन पहाटे बाजारात येऊ लागल्या. त्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाया शंभर, पण पिकअप चालवत आणणारी ही एकटीच. ऑइल कसं पाहायचं, पट्टा किती ताठ हवा, हे मी त्यांना शिकवलं. दर दसऱ्याला त्या टोपलीभर झेंडू घेऊन गॅरेजात यायच्या. मी हत्यारांची पूजा करायचो आणि दारात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीला हार, कुंकू आणि सोनं द्यायचो. ही उस्तादांची रीत. धर्मानं ते मुसलमान, पण दसऱ्याला आपट्याची पानं स्वतः आणायचे. म्हणायचे, "जो रोटी देती है, उसको भी सोना दे."

अशाच एका दसऱ्यानंतर दीड महिन्यानं, थंडी पडू लागली तेव्हा, वहिनी गॅरेजात आल्या.

"मिस्त्रीभाऊ, गाडी सकायी शिटी मारते."

"कशी मारते? काढून दाखवा बरं."

वहिनी लाजल्या. गॅरेजात चार पुरुष उभे होते. "म्या कशी शिटी मारू भाऊ? बाईमानूस शिटी मारते काय? तुमी समजून घ्या. बारीक हाये, लांब हाये. गाडी चालू केली का सुरू होते अन् गावाबाहेरचा नाला आला का बंद."

आता, थंडीतली शिटी म्हणजे काय ते थोडं सांगतो. थंडीत रबर कडक होतं, लोखंड आकसतं, तेल घट्ट होतं. त्यामुळे पट्टा घसरून चिरकतो, पट्टा फिरवणाऱ्या एखाद्या चाकीचं बेअरिंग ओरडतं, हवेच्या नळीला बारीक चीर असेल तर तिथून हवा शिटी घालते किंवा धुराच्या जोडात फट पडते. इंजिन तापलं की सगळं पसरून आपापल्या जागी बसतं आणि आवाज बंद होतो. म्हणजे गाडी गॅरेजात येईपर्यंत दुखणं पळालेलं असतं. दवाखान्याच्या पायरीवर ठणका थांबतो, त्यातलाच प्रकार.

मी पट्टा बदलला. चार दिवसांनी वहिनी पुन्हा दारात. "शिटी हायेच भाऊ." मी हवेच्या नळ्यांना साबणाचं पाणी लावून पाहिलं, गाळणीचा डबा उघडून पाहिला. सगळं साफ. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी म्हटलं, "गाडी इथंच ठेवून जा. सकायी थंडी थंडी मीच चालू करतो."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत मी एकटा गॅरेजात गेलो. बोनेट उघडलं, किल्ली फिरवली. पेचकस कानाला लावला, नळी लावली. इंजिनाची धडधड एकसारखी, वॉल्व्ह छान बोलत होते, कुठं काही नाही. पंधरा मिनिटं मी जीव लावून ऐकलं. शिटीचा मागमूस नव्हता.

वहिनी गाडी न्यायला आल्या तेव्हा मी जे बोललो, ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. आठवू नये असं फार वाटतं, पण आठवतं.

"वहिनी, गाडीत काई नाई. म्या सोता आयकलं. दिनकरभाऊ गेले तवापासून तुमच्या मनात भेव बसलं असन. एकट्या मानसाले होते असं. भास होते."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. वाद नाही, रडणं नाही. "बरं," म्हणाल्या आणि किल्ली घेऊन गेल्या.

आठ दिवसांनी त्यांचे थोरले दीर रामदासभाऊ गॅरेजात आले. हा माणूस वाईट नव्हता, पण भावजय स्टेअरिंगवर बसते हे त्यांच्या घशाखाली कधी उतरलं नव्हतं. खुर्चीवर बसून म्हणाले, "मिस्त्री, पिकअपले एखांदं गिऱ्हाईक पाहाजा."

"काहून? गाडी तं चांगली हाये."

"गाडी चांगली हाये, मीबी तेच म्हनतो. तुमीच म्हनलं ना, बाईले भास होते मनून? गावात साऱ्याईले सांगतलं म्या, खुद्द मिस्त्री म्हनते. आता भास होनाऱ्या बाईच्या हाती गाडी कशी द्याची? एखांद्या पाह्यटी कोठी झाडाले घातली म्हंजे?"

मला चटका बसला. मी गाडीबद्दल बोललो होतो, पण ते वाक्य त्या बाईची गाडी, बाजार, पहाट, सगळं घेऊन चाललं होतं. तरीही मनात हेच, की माझं चुकलं तर नाही! शिटी नव्हतीच, तर नव्हती म्हणणार नाही तर काय?

त्याच दिवशी दुपारी वहिनींनी मोबाइलवर एक आवाज पाठवला. पहाटे गाडीच्या तोंडाशी फोन धरून भरलेला. सोबत त्यांचं बोलणं. "भाऊ, एकडाव आयका. मंग तुमी इका म्हनसान तं इकून टाकते." मी गॅरेजात ऐकलं. इंजिनाची धडधड, मागं कुठंतरी कुत्रं. बाकी काही नाही. वाईट वाटलं, कारण मला वाटलं त्या बाईला खरंच भास होतोय.

संध्याकाळी घरी जेवायला बसलो. बायको, विमल, भाकरी थापत होती. आमच्या घरात त्या वर्षी एक भांडण कायम होतं. ती शेजारी किंवा अंगणात जाताना सांगून जायची, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, आणि मी पेपर वाचत बसायचो. तीनदा वरण करपलं. मी म्हणायचो, लक्ष नव्हतं. आणखी एक तक्रार मी टपरीवर सगळ्यांना ऐकवायचो, की अकोल्यातल्या चिमण्या गेल्या बुवा, आता एक ऐकू येत नाही. लोक मान डोलवायचे. पर्यावरणाबद्दल कोणी काही बोललं की आपल्याकडे मान डोलवतातच.

तर मी विमलला म्हटलं, "हे आयक बरं. या बाईले यात शिटी आयकू येते म्हने." आणि फोन चालू केला.

दोन सेकंद झाले नसतील. विमलनं पिठाचा हात कानावर ठेवला. "अवो बंद करा ते! कान फाटून राह्यले माये. कोनाचं कुकर हाये हे?"

मी फोन बंद केला. "तुले शिटी आयकू आली?"

"तुमाले नाई आली?"

विमलनं तव्यावरची भाकरी उलटली, मग गॅसच बंद केला आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"दोन वर्सं झाले, मले माहीत हाये," ती म्हणाली. "कुकर आयकू येत नाई, फोन वाजते तं आयकू येत नाई. तुमाले सांगू कसं? तुमचं सारं पोट त्या कानावर."

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगायलाच नको. पुढं कानाच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. लोखंडावर हातोडा, ग्राइंडर, हॉर्न यांत आयुष्य गेलेल्या माणसाचे जाड आवाज टिकतात, बारीक आवाज आधी जातात. म्हणून धडधड, खडखड मी अजून ओळखत होतो आणि कोणाला, मलाही, शंका आली नव्हती. शिटी तेवढी माझ्या हद्दीबाहेर गेली होती. पण हे सगळं नंतर. त्या रात्री मला एकच दिसत होतं. सुमनवहिनींनी "बरं" म्हणून किल्ली उचलली, तो चेहरा.

दुसऱ्या दिवशी बाजार बंद होता. मी वहिनींना फोन करून सांगितलं, "मी येतो, तवरिक गाडी चालू करू नका," आणि मफलर गुंडाळून मोटरसायकलवर निघालो. गावात पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. रामदासभाऊ अंगणात शेकोटीपाशी बसले होते. गाडीच्या काचेवर दव.

मी पिशवीतून रबरी नळी काढली आणि वहिनींच्या हातात दिली.

"वहिनी, मले शिटी आयकू येत नाई. गाडीत नाई असं नाई, माह्या कानात नाई. आज कान तुमचे, हात माहे."

वहिनींनी नळी कानाला लावून पाहिली. शेकोटीपाशी काड्या टाकणं थांबलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "थांबा मंग जरासं. ह्या चिमन्याईचा कलकलाट कमी होऊ द्या. मले काई आयकू येऊन नाई राह्यलं."

मी वर पाहिलं. अंगणातल्या बोरीवर चिमण्याच चिमण्या होत्या. चोची उघडत होत्या, मिटत होत्या. मी अकोल्यातून हद्दपार केलेल्या सगळ्या इथंच होत्या म्हणा ना.

"शिटी केवढी बारीक हाये, दाखवता?" मी विचारलं. वहिनींनी दिराकडे एक नजर टाकली, पदर सावरला आणि ओठांचा चंबू करून चक्क शिटी वाजवली. ती मला ऐकू आली. "एवढी?" "नाई, याच्याहून बारीक." त्यांनी आवाज चढवला. ओठ तसेच होते, गालही हलत होते, पण आवाज मधेच कुठंतरी संपला. माझ्या कानाची वेस मला त्या अंगणात पहिल्यांदा कळली.

गाडी चालू केली. वहिनींचा चेहरा आक्रसला. "मारून राह्यली."

मी पट्ट्यावर पाणी शिंपडलं. पट्टा ओरडत असेल तर पाण्यानं आवाज बदलतो. "काई फरक नाई," वहिनी म्हणाल्या. नळीचं टोक एकेका चाकीपाशी धरलं. "इथीसा गुरगुर हाये, शिटी नाई." मग मी खिशातून उदबत्ती काढून पेटवली. ही आमची जुनी युक्ती. जोडातून हवा फुटत असेल तर धूर हलतो. एकेका जोडावरून उदबत्ती फिरवत मी पुढं सरकलो. धूर सरळ. वहिनी नळी कानाला लावून माझ्याबरोबर सरकत होत्या. "कमी... कमी... आता वाढली. अजून पुढं. इथी! भाऊ, इथीसा लय हाये!"

आम्ही बोनेटच्या कडीजवळ होतो. इंजिन जिथून हवा आत ओढतं, त्या नळीचं तोंड तिथं होतं. मी हाताच्या तळव्यानं ते अर्धं झाकलं.

"बंद झाली!" वहिनी ओरडल्या.

तळवा काढला. "चालू झाली!"

झाकला, काढला, झाकला, काढला. मला कशातलंच काही ऐकू येत नव्हतं. मी फक्त वहिनींच्या तोंडाकडे पाहत होतो आणि त्या हसत होत्या.

गाडी बंद करून मी दोन क्लिपा काढल्या, नळीचं तोंड सुटं केलं आणि बोट आत घातलं. भिंतीला चिकटून काहीतरी होतं. ओढलं. एक पान, तपकिरी, मधोमध दुमडलेलं, दोन पाकळ्या जोडल्यासारखं.

"हे तं सोनं हाये भाऊ," वहिनी म्हणाल्या.

सोनंच होतं, आणि मीच दिलेलं. जुन्या गाड्यांत बोनेटच्या कडीमागे एक मोकळी खोबण असते. उस्ताद तिथं आपट्याचं पान खोचायचे, मीही जन्मभर तिथंच खोचत आलो. नव्या पिकअपमध्ये नेमकं त्या जागी हवेच्या नळीचं तोंड आणलेलं आहे. आधीच्या वर्षांची पानं वाऱ्यानं उडून गेली असतील, पण या दसऱ्याला मी सवयीनं खोचलेलं पान इंजिनानं गिळलं आणि ते कडेला अडकून बसलं. थंडीत, दमट हवेत पान मऊ राहायचं. थंड इंजिन सुरुवातीला जरा जोरात चालतं, तेव्हा वारा त्याच्या कडेवरून जाऊन पिपाणी वाजायची. इंजिन तापलं की पान सुकून भिंतीला चिकटायचं, की शिटी बंद. गाळणीचा डबा मी उघडला होता. त्याच्या पुढचं तोंड उघडलं नव्हतं. पहले सुन, फिर खोल. ऐकता येत नव्हतं तर निदान खोलायचं तरी नीट.

पान तळहातावर घेऊन मी शेकोटीपाशी गेलो. रामदासभाऊ उठून उभे राहिले.

"रामदासभाऊ, शिटी होती. पयल्या दिवसापासून होती. हे पान म्या ठेवलं, म्या आयकलं नाई, अन् वरून वहिनीले भास होते म्हनलं. तुमी गावात माहं नाव घेऊन सांगतलं होतं ना? आता हेबी माहंच नाव घेऊन सांगा."

रामदासभाऊंनी पान हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. भावजयीकडे पाहिलं नाही. "मीच सांगतो," म्हणाले. मग पान परत देत, "सुमन म्हनत होती, पन कोनी आयकलंच नाई." पुन्हा कधी त्यांनी गिऱ्हाईक शोधायला सांगितलं नाही.

वहिनींनी चहा ठेवला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी कप पुढं केला. "भाऊ, एक सांगू? तुमी त्या दिवशी मले भास म्हनलं, तवा मलेबी वाटलं, असन बा. चार राती मी सोताच्या कानावर इश्वास नाई ठेवला." एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले. "आता ठेवते." लोकांच्या गाड्या मी पुष्कळ बिघडवल्या असतील, दुरुस्तही केल्या. माणूस एवढाच बिघडवला.

त्यानंतर मी वर्षभर गॅरेज चालवलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिलंच सांगायचो, बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत, तुम्ही सोबत उभं राहून ऐका. काही गेले, पुष्कळ राहिले. बाळापूरचे गुरुजी राहिले, त्यांचे तर कागदच होते. मग गॅरेज दुसऱ्याच्या हाती दिलं. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं यंत्र आता मी लावतो. त्यात कुकर ऐकू येतो, चिमण्याही येतात, पण पत्र्याच्या डब्यात बसून ओरडल्यासारख्या. इंजिन मात्र त्यातून कळत नाही.

अजूनही हिवाळा लागला, पहिली कडक थंडी पडली की त्या दिवशी पहाटे माझा फोन थरथरतो. मी तो उशाशीच ठेवतो. सुमनवहिनी असतात. त्या गाडी चालू करतात, फोन इंजिनाजवळ नेतात, कारण रीत म्हणजे रीत. मी यंत्र काढून ठेवतो आणि आपल्या जुन्या कानानं ती धडधड ऐकतो. मग विचारतो, "वहिनी, शिटी?"

त्या थोडा वेळ थांबतात, नीट ऐकतात. "नाई भाऊ. काईच नाई वाजून राह्यलं."

त्या सांगतात आणि मी मानतो.